नऊ जुळले, तीन जुळले नाहीत: नाल्यातल्या जीवाणूंच्या जिनोम-अभ्यासाचं एक प्रकरण

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं आहे. गाव, महाविद्यालय, रुग्णालय आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी त्या वेळी सूक्ष्मजीवशास्त्र विभागाची प्रमुख होते. ज्या तरुण सहकारीचं हे काम आहे, तिला मी इथेही ‘ती’च म्हणणार आहे, कारण विभागात आमचं बोलणं तसंच होतं: ती मला ‘मॅडम’ म्हणायची आणि मी तिला ‘अगं’. तिने हे लिखाण वाचलं आहे. एका ठिकाणी मी स्वतःला जरा सौम्यपणे मांडलं होतं, ते तिच्यामुळे नव्हे तर माझ्याच आग्रहाने नंतर बदललं आहे.

पार्श्वभूमी

ती आमच्याकडे रुजू झाली तेव्हा पीएचडी होऊन वर्षही झालं नव्हतं. सहायक प्राध्यापक, परिविक्षा काळ चालू. आठवड्याला सोळा तास अध्यापन, शिवाय प्रॅक्टिकलच्या बॅचेसची तयारी, नॅकच्या फायली, परीक्षेचं पर्यवेक्षण. संशोधनाला उरायची ती संध्याकाळ आणि शनिवारची दुपार. विभागाकडे ऑटोक्लेव्ह, दोन इनक्युबेटर, लॅमिनार, डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून दाखवणारं एक पीसीआर मशीन आणि उणे वीसचा फ्रीजर. उणे ऐंशीचा नाही. सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणं, बाहेरून करून घ्यायचं आणि आलेली माहिती स्वतःच्या लॅपटॉपवरून ‘गॅलॅक्सी’ या मोफत सर्व्हरवर तपासायची, अशी तिची योजना.

विषय तिनेच निवडला. गावातून एक नाला वाहतो. आधी वस्तीतून, मग रुग्णालयाच्या मागून, आणि शेवटी नदीला मिळतो. या नाल्यात कार्बापेनेम गटाच्या औषधांना दाद न देणारे जीवाणू आहेत का, आणि असतील तर कोणत्या जनुकामुळे, हे तिला बघायचं होतं. कार्बापेनेम ही राखीव फळीतली प्रतिजैविकं. बाकीची औषधं चालेनाशी झाली की डॉक्टर मेरोपेनेमकडे वळतात, आणि तेही चालेनासं झालं की हातात फार थोडं उरतं. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे थेट ओढवलेले मृत्यू जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार होते, असा अंदाज २०२२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या विषयाला आपल्या देशात एक दुखरी बाजूही आहे. एनडीएम हे कार्बापेनेम तोडणारं विकर पहिल्यांदा ओळखलं गेलं ते २००८ मध्ये, नवी दिल्लीत उपचार घेऊन परतलेल्या एका स्वीडिश रुग्णाकडच्या क्लेबसिएला या जीवाणूमध्ये. नावात ‘न्यू डेल्ही’ आलं आणि २०१० मध्ये त्यावरून मोठं वादळ उठलं. सरकारने नावाला आणि निष्कर्षांना जाहीर आक्षेप घेतला. पुढे २०११ मध्ये दिल्लीच्या पाण्याचा अभ्यास आला. साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये हे विकर बनवणारं जनुक सापडलं. ती म्हणायची, “मॅडम, दिल्लीचं पाणी बघायला परदेशातून माणसं येतात. आपल्या नाल्याचं कोण बघणार?”

महाविद्यालयाच्या बीजनिधीतून पैसे मिळाले. ते बारा जिनोमांना, म्हणजे बारा जीवाणूंचा संपूर्ण डीएनए वाचायला, पुरतील एवढे होते, म्हणून आयसोलेट (नमुन्यातून वेगळे काढलेले शुद्ध जीवाणू) बारा. त्यामागे दुसरं शास्त्रीय कारण नव्हतं.

काम कसं झालं होतं

तीन ठिकाणी नमुने घेतले: रुग्णालयाच्या वरच्या अंगाला, खालच्या अंगाला, आणि नदीच्या मुखाशी. सेफोटॅक्झिम हे प्रतिजैविक घातलेल्या मॅकॉन्की अगार या माध्यमावर वाढलेल्या गुलाबी वसाहती उचलल्या, शुद्ध केल्या, ओळखल्या. सात ई. कोलाय, पाच क्लेबसिएला. लगेच जीवाणू पसरलेल्या प्लेटवर औषध भरलेली डिस्क लावून कोणतं औषध चालतं ते बघितलं. मग प्रत्येक आयसोलेट दोन ठिकाणी ठेवला: ग्लिसरॉल घालून उणे वीसच्या फ्रीजरमधल्या व्हायलमध्ये (छोट्या कुपीत), आणि रोजच्या वापरासाठी न्यूट्रिएंट अगारच्या स्लँटवर, म्हणजे नळीत तिरप्या गोठवलेल्या अगारवर.

इथे आमच्या विभागाची एक जुनी सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. व्हायल उघडायच्या नाहीत, काम स्लँटवरून करायचं, आणि स्लँट ठरावीक काळाने नव्या नळीत उतरवत राहायचे. हा नियम माझा. भारनियमनाच्या काळात आमचा फ्रीजर दिवसाला सहा-सहा तास बंद असायचा, व्हायल वितळायच्या, कल्चर मरायचे. स्लँटने तेव्हा आम्हाला तारलं होतं. नंतर जनरेटर आला. नियम मात्र तसाच राहिला, आणि तो बदलावा असं मला कधी सुचलं नाही.

निधी हातात पडायला पाच महिने लागले. मग एमएस्सी भाग दोनच्या एका विद्यार्थिनीने स्लँटवरून थेट ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) कल्चर वाढवले, डीएनए काढला, आणि नळ्या सिक्वेन्सिंगला गेल्या. कंपनीने डीएनएचं प्रमाण आणि शुद्धता तपासून पुढे पाठवलं. दोन्ही उत्तम होत्या. ‘शुद्ध डीएनए’ म्हणजे त्यात प्रथिनं-फिनॉल नाही; तो एकाच जीवाणूचा आहे असं त्यातून कळत नाही. हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं, पण त्या दिवशी कागदावर हिरवी खूण बघून बरं वाटलं होतं.

अडचण

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल आले. ३१ मार्चला निधी कसा खर्च झाला ते सांगणारं विनियोग प्रमाणपत्र द्यायचं होतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका राष्ट्रीय परिषदेत तिचं पोस्टर स्वीकारलं गेलं होतं.

मेरोपेनेमची १० मायक्रोग्रॅमची डिस्क लावल्यावर आतड्यातल्या या कुळातल्या जीवाणूंसाठी झोन (डिस्कभोवतीचा जीवाणू न वाढलेला गोल) २३ मिमी किंवा जास्त असेल तर औषध चालतं, १९ किंवा कमी असेल तर चालत नाही. बारापैकी नऊ आयसोलेटमध्ये प्लेट आणि जिनोम एकच सांगत होते. जिथे झोन लहान तिथे एनडीएम किंवा ऑक्सा-४८ या कार्बापेनेम तोडणाऱ्या दुसऱ्या विकराच्या घरातलं जनुक, जिथे मोठा तिथे नाही.

तीन जुळले नाहीत.

क्रमांक ४, ई. कोलाय: प्लेटवर झोन १२ मिमी, म्हणजे ठाम रोध. जिनोममध्ये कार्बापेनेम तोडणारं एकही जनुक नाही.

क्रमांक ७, क्लेबसिएला: नेमकं उलट. झोन २५ मिमी, औषध चालतं. आणि जिनोममध्ये एनडीएम-५, एनडीएमचाच एक प्रकार.

क्रमांक ११, क्लेबसिएला: झोन १८ मिमी, रोध, आणि याच्याही जिनोममध्ये कार्बापेनेम तोडणारं जनुक नाही.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय मी सुचवला. तीन वगळ, नऊवर पोस्टर कर, प्रमाणपत्र वेळेत दे, तिघांचं पुढच्या वर्षी बघू. मी हे तिच्या काळजीपोटीच म्हटलं होतं. परिविक्षेतल्या प्राध्यापिकेचा निधी वेळेत खर्ची पडला नाही तर पुढचा निधी मागताना काय ऐकावं लागतं ते मी बघितलेलं आहे. शिवाय ‘तांत्रिक कारणाने तीन नमुने वगळले’ हे वाक्य कितीतरी निबंधांत असतं आणि त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. ती लगेच काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, “तांत्रिक कारण कोणतं ते मला माहीत असतं तर वगळले असते. मला माहीतच नाहीये.”

दुसरा पर्याय तिला स्वतःलाच मोहात पाडणारा होता, हे तिने नंतर मोकळेपणाने सांगितलं. क्रमांक ७ ही बातमी ठरू शकत होती. जनुक आहे पण व्यक्त होत नाही, ‘मूक’ एनडीएम. असे जीवाणू प्रयोगशाळेच्या नेहमीच्या तपासणीतून निसटतात, म्हणून त्यांना महत्त्व. नाल्यातून असा क्लेबसिएला मिळाला असं लिहिलं असतं तर पोस्टरसमोर गर्दी झाली असती. मथळा तयार होता.

तिसरा पर्याय: कंपनीकडे बोट दाखवून पुन्हा सिक्वेन्सिंग मागायचं. पण कंपनीने आलेल्या नळीत जे होतं ते वाचलं होतं. त्याच नळ्या परत वाचून तेच उत्तर आलं असतं.

चौथा: पोस्टर मागे घ्यायचं, मुदतवाढ मागायची, आणि तिन्ही आयसोलेट मूळ व्हायलपासून पुन्हा तपासायचे. खर्च, उशीर, आणि शेवटी ‘चूक आमचीच’ असं निघण्याची बरीच शक्यता.

तिने चौथा निवडला. माझं मत बदललं ते तिच्या युक्तिवादाने नव्हे, एका शनिवारी दुपारी तिने माझ्या टेबलावर आणून ठेवलेल्या दोन प्लेटांमुळे.

क्रमांक ४: टूथपिकचा प्रयोग

दोन्ही प्लेटांवर क्रमांक ४, दोन्हीवर मेरोपेनेमची डिस्क. एक पेरली होती व्हायलमधून, दुसरी स्लँटवरून. व्हायलच्या प्लेटवर डिस्कभोवती जेमतेम कडं, १२ मिमी, सुरुवातीला होतं तेच. स्लँटच्या प्लेटवर २७ मिमीचा मोठा गोल. मी प्लेट उचलून खिडकीकडे धरली तेव्हा त्या गोलात मला धुक्यासारखी पातळ वाढ दिसली. टाचणीच्या टोकाएवढ्या असंख्य वसाहती, डिस्कच्या जवळपर्यंत. घाईत झोन मोजणाऱ्याने नुसती मोठ्या गोलाची कड मोजून त्या सोडल्या असत्या. मीही सोडल्या असत्या.

मग तिने स्लँटवरच्या कल्चरच्या पन्नास सुट्या वसाहती घेतल्या. प्रत्येक वसाहतीला निर्जंतुक टूथपिक टेकवायची, आधी मेरोपेनेम घातलेल्या प्लेटवर ठिपका, मग त्याच टूथपिकने साध्या प्लेटवर ठिपका. पन्नास टूथपिक, प्लेटांखाली आखलेली चौकट, बाजूला वही. सकाळी साध्या प्लेटवर पन्नासही वाढल्या होत्या. मेरोपेनेमवर तीन. व्हायलमधून घेतलेल्या पन्नास वसाहती दोन्ही प्लेटांवर पन्नासच्या पन्नास वाढल्या.

अर्थ स्पष्ट होता. एनडीएम जनुक गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्रापासून वेगळ्या छोट्या डीएनए-वर्तुळावर होतं, आणि औषध नसलेल्या अगारवर पाच महिने राहताना बहुतेक पेशींनी ते प्लाझ्मिड सोडून दिलं होतं. प्लाझ्मिड बाळगायला पेशीला किंमत पडते. औषधाचा दाब नसेल तर न बाळगणाऱ्या पेशी पुढे जातात. सगळीच प्लाझ्मिडं अशी सुटत नाहीत. काहींमध्ये विष आणि उतारा यांची जोडी असते, प्लाझ्मिड टाकणारी पेशीच मरते. हे सुटणाऱ्यांपैकी निघालं. पीसीआरनेही दुजोरा दिला: व्हायलच्या डीएनएत ६२१ बेसजोड्यांचा ठसठशीत पट्टा, प्लाझ्मिड नसलेल्या वसाहतींत काही नाही.

मग तिने कंपनीच्या जुळवलेल्या जिनोमऐवजी कच्चे रीड्स, म्हणजे यंत्राने वाचलेले डीएनएचे सुटे तुकडे, उघडले. एनडीएमचे तुकडे तिथे होते, पण बाकी जिनोमची वाचनखोली (प्रत्येक जागा किती वेळा वाचली गेली ते) सत्तर पट असताना यांची चार-पाच पट. जुळवणीत कमी खोलीचे तुकडे गाळले गेले होते. नुसत्या या रीड्सवर विसंबता आलं नसतं हेही खरं. एकाच फेरीत वाचलेल्या शेजारच्या नमुन्याचे थोडे रीड्स चुकून दुसऱ्याच्या खात्यात पडतात, आणि शेजारी एनडीएमवाले आयसोलेट होतेच. निर्णायक ठरल्या त्या पन्नास टूथपिकच.

क्रमांक ७: एक कोटी तीन लाख

या क्रमांकाचं उत्तर पहिल्या दिवसापासून आमच्या समोर होतं. क्लेबसिएलाचा जिनोम साधारण ५५ लाख बेसजोड्यांचा. कंपनीच्या अहवालात सातव्या ओळीत लांबी होती १ कोटी ३ लाख. रोधाची जनुकं कोणती याचा तक्ता पुढच्या पानावर होता आणि आम्ही दोघींनी सरळ तेच पान उघडलं होतं.

तिने जुळवलेल्या तुकड्यांचं जीसी प्रमाण (डीएनएच्या अक्षरांत जी आणि सी किती टक्के) आलेखावर मांडलं. एक टेकडी ५७ टक्क्यांजवळ, क्लेबसिएलाची. दुसरी ५१ च्या आसपास, ई. कोलायची. एका नळीत दोन जीवाणू होते. स्लँट मॅकॉन्कीवर पसरवला तर तेही दिसलं: चिकट, फुगीर गुलाबी वसाहती, आणि त्यांच्या मधेमधे सपाट, कोरड्या गुलाबी. दोन्ही लॅक्टोज आंबवणारे, म्हणून दोन्ही गुलाबी, म्हणून नजर फसते. इओसिन मिथिलीन ब्लू अगारवर टाकलं असतं तर ई. कोलायची हिरवी धातूसारखी झळाळी एका रात्रीत बोलली असती. तो अगार आमच्या कपाटात होता.

आता हा ई. कोलाय आला कुठून? इथे त्या एमएस्सीच्या मुलीची वही कामी आली. कोणता स्लँट कोणत्या तारखेला उतरवला हे तिने प्रत्येक वेळी लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी क्रमांक ३ आणि क्रमांक ७ एकाच दुपारी, एकापाठोपाठ उतरवले होते. सातच्या नळीतला ई. कोलाय आणि क्रमांक ३ यांचे जिनोम ताडून बघितले तर जवळजवळ अक्षरशः एक. एनडीएम-५ त्या तीनचं होतं. सातची मूळ व्हायल शुद्ध निघाली. निव्वळ क्लेबसिएला, झोन २५ मिमी, पीसीआरमध्ये एनडीएम नाही.

‘मूक’ जनुक नव्हतंच. दुसऱ्या पर्यायाने गेलो असतो तर एका न झालेल्या गोष्टीची नोंद आमच्या नावाने कायमची राहिली असती, आणि जिनोमच्या सार्वजनिक संग्रहात एक मिश्र जिनोम क्लेबसिएला म्हणून जमा झाला असता. दुसऱ्या कुणी तो उतरवून घेतला असता, त्यावर आपलं काम बांधलं असतं. मला सगळ्यात जास्त हे लागलं.

ती मुलगी मात्र फार खचली होती. वही घेऊन माझ्या खोलीत आली आणि दारातच उभी राहिली. चूक तिने केली असं ती धरून चालली होती. तिने केलं ते आम्ही शिकवलं तसंच. नळी उतरवायची पद्धत माझी आणि नियमही माझा. हे मी तिला त्याच दिवशी सांगितलं. आधी सांगायला हवं होतं, कारण मधले आठ-दहा दिवस तिने मनात काय काय घेतलं असेल ते मला कळायला हवं होतं.

क्रमांक ११: खरा अपवाद

इथे व्हायल आणि स्लँट दोन्ही सारखेच वागले. झोन १८. जिनोमची लांबी योग्य, एकच टेकडी. मग तिने एमसीआयएम चाचणी केली. जीवाणू आणि मेरोपेनेमची डिस्क ब्रॉथमध्ये चार तास एकत्र ठेवायची, मग ती डिस्क काढून औषधाला बळी पडणाऱ्या एटीसीसी २५९२२ या प्रमाण ई. कोलायच्या प्लेटवर ठेवायची. जीवाणूने औषध तोडलं असेल तर डिस्कमध्ये काही उरत नाही आणि झोन १५ मिमीपेक्षा मोठा होत नाही. इथे झोन आला २१. म्हणजे हा क्लेबसिएला औषध तोडत नव्हता, तरी त्याला औषध बाधत नव्हतं.

चार दिवस ती अडली. मग पीएचडीच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या मैत्रिणीला फोन केला. मैत्रिणीने पहिलाच प्रश्न विचारला, “पोरिन बघितलेस का?”

बघितले नव्हते. पोरिन म्हणजे जीवाणूच्या बाहेरच्या आवरणातली छिद्रं, ज्यांतून औषध आत शिरतं. तिने वापरलेलं साधन बाहेरून मिळवलेली रोधाची जनुकं शोधतं. जीवाणूच्या स्वतःच्या जनुकात बिघाड झाला असेल तर तो त्या यादीत येत नाही. क्लेबसिएलासाठी बनवलेलं ‘क्लेबोरेट’ चालवल्यावर चित्र उलगडलं. ओएमपीके-३५ हे पोरिन अर्धवट तुटलेलं, आणि ओएमपीके-३६ च्या छिद्राजवळ ग्लायसिन-अस्पार्टेट ही दोन अमिनो आम्लं जास्तीची शिरलेली, ज्यामुळे छिद्र अरुंद होतं. सोबत सीटीएक्स-एम-१५, सेफोटॅक्झिमसारखी औषधं तोडणारं विकर. औषध आत शिरायची दारं चिंचोळी, आणि जे थोडंफार आत जाईल त्याला रोखून धरायला हे विकर. सीटीएक्स-एम-१५ एकट्याने मेरोपेनेमला पुरत नाही. दारं चिंचोळी झाल्यावर पुरतं.

बारा आयसोलेटमधला हा सगळ्यात शिकवणारा. माझ्या पहिल्या सल्ल्याप्रमाणे तो वगळला गेला असता.

रुग्णालयाचं नाव घ्यायचं का

दुसरा कठीण निर्णय प्रयोगाच्या टेबलाबाहेरचा होता. रुग्णालयाच्या खालच्या अंगाला एनडीएम सापडलं होतं. निबंधात नकाशा देणं ही रीतच आहे, आणि नकाशा दिला की रुग्णालय ओळखू येणार.

तिचा कल सुरुवातीला नाव देण्याकडे होता. माहिती लपवणं तिला पटत नव्हतं. माझा कल अजिबात न देण्याकडे. शेवटी उत्तर नमुन्यांनीच दिलं. एनडीएमवाल्या आयसोलेटपैकी एक वरच्या अंगाचा होता, जिथे रुग्णालयाचं पाणी पोचतच नाही. घराघरातून येणाऱ्या सांडपाण्यातही हे जनुक होतं. रुग्णालयामुळेच नाला दूषित झाला असं म्हणायला आमच्याकडे आधार नव्हता, आणि नुसता नकाशा दिला असता तरी वाचणाऱ्याने तेच म्हटलं असतं. २०१० च्या वादातून आपण काही घेणार असू तर हे, की जागेचं नाव एकदा जोडलं गेलं की मागचं सगळं स्पष्टीकरण मागेच राहतं.

निबंधात ‘महाराष्ट्रातलं एक तालुका-गाव’ एवढंच लिहायचं ठरलं. पण निकाल रुग्णालयाला आणि नगरपरिषदेला आधी स्वतः जाऊन सांगायचे, असा तिचा आग्रह होता. रुग्णालयातली भेट अवघड गेली. तिथल्या अधिकाऱ्यांना वाटलं आम्ही आरोप करायला आलोय. ती शांतपणे वरच्या अंगाचा निकाल आधी दाखवत राहिली. अर्ध्या तासाने एका डॉक्टरांनी विचारलं, “आमच्या सांडपाण्यात क्लोरीन टाकल्यावरचा नमुना घेतलात का?” नव्हता घेतला. आमच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं, आणि प्रश्न रास्त होता.

निष्पत्ती

पोस्टर मागे घेतलं. प्रमाणपत्राला जूनअखेर मुदतवाढ मिळाली. त्यासाठी मी आणि तिने संशोधन समितीपुढे बसून काय घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी ‘चुका सापडल्या म्हणून मुदतवाढ मागायची का’ असं विचारलं. ती म्हणाली, “हो सर, म्हणूनच.” उरलेल्या पैशांत क्रमांक ४ च्या व्हायलमधल्या कल्चरचं लाँग-रीड (लांब तुकडे वाचणारं) सिक्वेन्सिंग झालं आणि एनडीएम-५ असलेलं पूर्ण प्लाझ्मिड एका सलग वर्तुळात हाती आलं.

त्या वर्षीच्या तिच्या मूल्यमापनात प्रकाशनाचा रकाना रिकामा राहिला. तिचं नुकसान झालं, आणि ते भरून निघालं असं मी म्हणणार नाही. निबंध पुढच्या वर्षी आला, मोठ्या नियतकालिकात नव्हे. त्याचा निम्मा भाग न जुळलेल्या तीन आयसोलेटवर आहे, आणि मिश्र कल्चरचा जिनोम कसा ओळखला हेही त्यात लिहिलं आहे.

आज पुन्हा करायचं झालं तर

डिस्क आणि डीएनए एकाच दिवशी, एकाच प्लेटवरच्या वाढीतून घेतले असते तर तीनपैकी दोन विसंगती जन्मालाच आल्या नसत्या. निधी उशिरा आला तर व्हायल उघडायची, पुन्हा पसरवायची, डिस्क नव्याने लावायची, आणि त्याच वाढीतून डीएनए काढायचा. आता विभागात प्रत्येक आयसोलेटच्या चार व्हायल पहिल्याच दिवशी भरल्या जातात, म्हणजे एक उघडताना हात कचरत नाही. कामाचे स्लँट ठेवणं मी बंद केलं.

अहवाल आला की आधी लांबी, जीसी आणि तुकड्यांची संख्या. रोधाचा तक्ता त्यानंतर. हे तर दहा मिनिटांचं काम होतं.

पैशांच्या बाबतीत आमचं मतैक्य नाही. तिच्या मते बाराऐवजी नऊच आयसोलेट पाठवून तिघांचे पैसे फेरतपासणीला राखायला हवे होते. मला वाटतं नऊच पाठवले असते तर कदाचित क्रमांक ११ निवडीत आलाच नसता.

पोस्टर मागे घेण्याबद्दल मी आता साशंक आहे. ‘तीन जुळत नाहीत, कारण शोधतोय’ असं स्पष्ट लिहून ते लावता आलं असतं. परिषदेत पोरिनबद्दल विचारणारं कुणीतरी भेटलंच असतं. तेव्हा आम्हा दोघींनाही अर्धवट काम चारचौघांत मांडण्याची लाज वाटली.

आणि रुग्णालयाकडे नमुने घेण्याआधी जायला हवं होतं. क्लोरीनचा प्रश्न त्यांनी पहिल्याच भेटीत विचारला असता, आणि चौथं ठिकाण आमच्या यादीत आलं असतं. ते ठिकाण आता आहे. पहिल्या भेटीत अस्वस्थ झालेल्या त्याच अधिकाऱ्यांनी परवानगीचं पत्र दिलं; तीन महिने लागले, पण दिलं.

क्रमांक ७ चे कच्चे रीड्स आणि प्लेटांचे फोटो आता एमएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये वापरले जातात. काय घडलं होतं ते आधी सांगत नाही. फक्त एवढंच सांगायचं की हा क्लेबसिएला आहे, झोन २५ आहे, जिनोममध्ये एनडीएम आहे, तुमचं मत लिहा. बहुतेक मुलं ‘मूक जनुक’ असं लिहितात, कारण ते वाचलेलं असतं. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर करून विचारलं, “मॅडम, याची लांबी दुप्पट कशी?” तिच्या वहीत बाकी पान कोरं होतं.